निर्वात नलिका हेडफोन विवर्धक

निर्वात नलिका हेडफोन विवर्धक म्हणजे ध्वनीचा क्षीण विद्युत संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून हेडफोन चालविण्याइतका समर्थ करणारे उपकरण होय. निर्वात नलिकेला बोलीभाषेत 'व्हॉल्व्ह' आणि विवर्धकाला 'अँप्लिफायर' म्हणतात. ट्रान्झिस्टर रूढ होण्यापूर्वी घरोघरचे रेडिओ अशाच नलिकांवर चालत असत. आज रेडिओतून त्या हद्दपार झाल्या असल्या, तरी हेडफोनवर निवांतपणे संगीत ऐकणाऱ्या रसिकांमध्ये त्यांचा वापर टिकून आहे. या उपकरणाच्या आत बहुधा १०० ते ३०० व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि त्याचे दुसरे टोक थेट श्रोत्याच्या कानाशी असते. त्यामुळे त्यातील दोष ओळखणे हा आवाजाच्या गुणवत्तेइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

इतिहास

इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका (द्विप्रस्थ) तयार केली. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत जालक, म्हणजेच ग्रिड, हे तिसरे अग्र घातले. या त्रिप्रस्थ नलिकेमुळे संकेताचे विवर्धन शक्य झाले.

भारतात संघटित नभोवाणीचा आरंभ इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्रापासून झाला. त्याचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते झाले. त्या काळातील सर्वांत स्वस्त ग्राहक म्हणजे स्फटिक संच. त्यात विवर्धन मुळीच नसल्याने कानाला हेडफोन लावल्यावाचून काही ऐकू येत नसे. व्हॉल्व्हचे संच आले आणि ध्वनिक्षेपकातून सर्व घराला एकदम ऐकता येऊ लागले. अशा रीतीने ज्या नलिकेने हेडफोन मागे सारला, तीच नलिका आज हेडफोनच्या सेवेत आहे.

पुढे आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये, तर 'विविध भारती' ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने १९६० च्या दशकात ग्राहक-नलिकांचे देशी उत्पादन केले. ज्या खेड्यांत वीज पोहोचली नव्हती, तेथे सुक्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह-संच वापरले जात. १९७६ मध्ये आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले आणि खानदेशाला आपले स्वतःचे केंद्र मिळाले. तोवर ट्रान्झिस्टर संचांनी व्हॉल्व्हची जागा बहुतांशी घेतली होती. त्यामुळे चाळीसगाव, पाचोरा, धुळे या भागांतील अनेक घरांत व्हॉल्व्ह-रेडिओ ही आजोबांच्या पिढीची वस्तू म्हणून उरली आहे.

रचना व कार्य

नलिकेच्या काचेच्या पोकळीतून हवा काढून घेतलेली असते. आतील तापकतंतूने ऋणाग्र तापते आणि त्यावरील ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. धनाग्रावर उच्च धन दाब असल्याने ते तिकडे ओढले जातात. वाटेत जालक असते. त्यावरील ऋण दाब किंचित बदलला, तरी धनाग्राकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. पाटाच्या पाण्याला लहानशा फळीने आवर घालावा, तसे हे नियंत्रण असते.

संपूर्ण उपकरणाचे चार भाग पडतात : २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यापासून आवश्यक दाब निर्माण करणारा शक्तिपुरवठा, तंतू तापविणारा मंडलभाग, संकेताचा दाब वाढविणारा पहिला टप्पा आणि हेडफोनला प्रवाह पुरविणारा अंतिम टप्पा. अंतिम टप्प्याच्या रचनेवरून तीन मुख्य प्रकार होतात.

१. रोहित्रयुक्त : नलिका आणि हेडफोन यांच्यामध्ये निर्गम रोहित्र असते. रोहित्र उच्च एकदिश दाब अडवते आणि कमी संरोधाच्या हेडफोनशीही जुळवून घेते. परंतु चांगले रोहित्र जड व महाग असते.

२. रोहित्रविरहित : येथे हेडफोन मोठ्या धारित्रातून, म्हणजे कपॅसिटरमधून, नलिकेला जोडलेला असतो. ६०८० किंवा ६एएस७ या नलिका येथे विशेष वापरल्या जातात. हा प्रकार २५० ते ६०० ओहमच्या हेडफोनना मानवतो.

३. संकरित : दाब नलिका वाढविते आणि प्रवाह ट्रान्झिस्टर पुरवितात. बाजारातील लहान व स्वस्त संच बहुधा या प्रकारचे असतात. त्यांतील काही संचांत नलिकेखाली नारिंगी एलईडी बसविलेला असतो; त्यामुळे बाहेरून दिसणारा उजेड हा तंतू तापल्याचा पुरावा मानता येत नाही.

नलिकांची नावे आणि अदलाबदल

युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापकतंतूची माहिती देते. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, तर 'यू' म्हणजे एकसरीत जोडावयाचा १०० मिलिअँपिअरचा तंतू. पुढील 'सी' त्रिप्रस्थ दर्शविते. 'सीसी' म्हणजे एकाच काचेत दोन त्रिप्रस्थ. 'एल' हे शक्तिनलिकेचे अक्षर आहे. अमेरिकी पद्धतीत आरंभीचा अंक तंतूचा दाब सुमाराने सांगतो. ईसीसी८२ आणि १२एयू७ ही एकाच नलिकेची दोन नावे होत.

विवर्धनांक ईसीसी८३ चा सुमारे १००, ईसीसी८८ चा सुमारे ३३, ६एसएन७ चा सुमारे २०, तर ६०८० चा केवळ २ असतो. ईसीसी८२ आणि ईसीसी८३ यांच्या पायांची मांडणी सारखीच असते. मात्र विवर्धनांक व प्रवाह वेगळे असल्याने एकीच्या जागी दुसरी बसविल्यास मंडल योग्य रीतीने चालेलच असे नाही. ईसीसी८८ नऊ पायांच्या त्याच बैठकीत बसते, पण तिची तंतूची जोडणी निराळी आहे. तिच्या धनाग्राला १३० व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नाही. बैठकीत बसते म्हणून चालेल, हा समज नलिका बाद होण्याचे नेहमीचे कारण आहे.

हेडफोनशी जुळणी

हेडफोनचा संरोध १६ ते ६०० ओहमपर्यंत असू शकतो. विवर्धकाचा निर्गम संरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ६०८० चा एक अर्धभाग ऋणाग्र-अनुगामी जोडणीत सुमारे १४० ओहमचा निर्गम संरोध देतो. म्हणून ३२ ओहमचा हेडफोन अशा विवर्धकावर दुबळा वाटतो.

निर्गम धारित्राचाही परिणाम होतो. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्राबरोबर ३०० ओहमचा हेडफोन असेल, तर खालच्या स्वरांची घट सुमारे ५ हर्ट्झपाशी, म्हणजे श्रवणमर्यादेच्याही खाली सुरू होते. तोच धारित्र ३२ ओहमच्या हेडफोनबरोबर असल्यास ही सीमा सुमारे ५० हर्ट्झवर येते आणि तबल्याच्या डग्ग्याचा व पखवाजाचा भरीवपणा कमी होतो. अशा वेळी दोष नलिकेचा नसतो. नवीन नलिका विकत घेण्यापूर्वी हे गणित करणे हिताचे ठरते.

दुरुस्तीपूर्वीची दक्षता

विवर्धक बंद केल्यावर, किंबहुना प्लग काढून घेतल्यावरही, शक्तिपुरवठ्यातील धारित्रांत प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. ज्याला उच्च दाबाच्या मंडलांचा अनुभव नाही, त्याने पेटी उघडू नये. या लेखातील नलिका अदलून पाहणे, बाह्य तारा तपासणे यांसारख्या कसोट्या पेटी न उघडता करता येतात आणि बहुसंख्य दोष त्यांतूनच उमगतात.

पेटी उघडणाऱ्या जाणकारानेही प्रथम प्लग काढावा. काही किलोओहमचा आणि किमान पाच वॉटचा रोधक उष्णतारोधी मुठीच्या, विद्युतरोधक तारांनी धरून धारित्र रिकामा करावा आणि दाब शून्यावर आल्याची मीटरने खात्री करून घ्यावी. पेचकसाने टोके एकत्र करून ठिणगी पाडणे ही घातक सवय होय. चालू उपकरणात मोजमाप अपरिहार्य असेल, तर एकच हात वापरावा, म्हणजे प्रवाह छातीतून जाण्याचा धोका कमी होतो.

दीर्घकाळ बंद असलेले किंवा नुकतेच दुरुस्त केलेले उपकरण प्रथम 'सिरीज बोर्डा'वर लावण्याची रेडिओ दुरुस्तीकारांची जुनी पद्धत उत्तम आहे. यात ६० ते १०० वॉटचा तंतूचा दिवा उपकरणाशी एकसरीत जोडतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर आत थेट जोड, म्हणजे शॉर्ट, नाही असे समजावे. पूर्ण तेजाने जळत राहिला, तर उपकरण तत्काळ बंद करावे. येथे एलईडी दिवा चालत नाही.

दोष आणि त्यांचा शोध

दोषशोधाचे मुख्य सूत्र असे की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोष कोठे सरकतो ते पाहावे.

एका कानात खरखर किंवा आवाज कमी : विवर्धक बंद करून, नलिका थंड झाल्यावर डाव्या व उजव्या बाजूच्या सारख्या नलिकांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या कानात गेला तर नलिका सदोष. तसाच राहिला तर येणाऱ्या तारेची डावी-उजवी टोके बदलावीत. आता दोष सरकला तर तो स्रोतात किंवा तारेत आहे. यानेही न सरकल्यास हेडफोन उलटा घालून पाहावा. त्याने दोष दुसऱ्या कानाकडे गेला, तर तो विवर्धकात किंवा हेडफोनमध्ये असतो; त्याच कानाकडे राहिला, तर तो श्रोत्याच्या कानात असतो. दुसरी शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हेडफोनची बाजू बदलूनही एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

सतत गुणगुण : भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. ५० हर्ट्झची गुणगुण बहुधा तंतूच्या तारा, ऋणाग्र-तंतूमधील गळती किंवा भूजोडणीचे वेटोळे यांतून येते. १०० हर्ट्झची गुणगुण आली, तर शक्तिपुरवठ्यातील गाळणी धारित्र थकल्याचा संशय घ्यावा. भेद करण्याची सोपी कसोटी म्हणजे स्रोत म्हणून संगणकाऐवजी बॅटरीवर चालणारा, चार्जर न लावलेला मोबाइल जोडणे. गुणगुण थांबली, तर ती भूजोडणीच्या वेटोळ्यातील होती. यावर उपाय म्हणून प्लगची भूजोडणीची पिन काढून टाकणे, म्हणजे गुणगुण घालविण्यासाठी प्राण पणाला लावणे होय. त्याऐवजी दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत किंवा संकेतमार्गात विलगक रोहित्र वापरावे. घराची 'अर्थिंग' प्रत्यक्ष कार्यरत आहे की नाही, हे वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे. तीन छिद्रांची बैठक असणे म्हणजे भूजोडणी असणे नव्हे.

टिचकीसरशी घुमणारा आवाज : पेन्सिलीच्या रबरी टोकाने नलिकेला हलकेच स्पर्श केला असता हेडफोनमध्ये घंटेसारखा नाद उमटला, तर नलिकेतील अग्रे सैल झालेली असतात. अल्प नाद स्वाभाविक आहे. तो लांबत असेल तर नलिका बदलावी.

आवाजाची कळ फिरवताना करकर : धूळ हे पहिले कारण. संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने ती जाते. वारंवार परतणारी करकर मात्र जोडधारित्रातून किंवा जालकातून एकदिश प्रवाह गळत असल्याची खूण असू शकते.

नलिका पेटत नाही : बैठकीतील संपर्क आधी पाहावा. काचेच्या आतील चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि नलिका निकामी झाली आहे. हा डाग उरलेले वायू शोषण्यासाठी लावलेल्या बेरियमचा असतो. तो आकाराने लहान-मोठा असणे हा दोष नव्हे.

धनाग्र लालबुंद होणे : तत्काळ वीज बंद करावी. जालकाचा ऋण दाब नाहीसा झाल्याने किंवा जोडधारित्र गळू लागल्याने नलिकेतून मर्यादेबाहेर प्रवाह वाहत असतो. नवी नलिका बसवून पाहिल्यास तीही जळते.

निर्गमात एकदिश दाब : याचा धोका सर्वांत अधिक. हेडफोनऐवजी ३०० ओहमचा रोधक लावून त्यावरील दाब मीटरने मोजावा. विवर्धक तापल्यानंतर तो काही मिलिव्होल्ट असावा. ५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक राहिला, तर हेडफोन लावू नये. निर्गम धारित्र गळत असेल, तर हेडफोनची नाजूक तार जळते आणि दोष बळावल्यास उच्च दाब डोक्यावरील धातूच्या पट्टीपर्यंत येऊ शकतो.

संरक्षक रिले नसलेल्या विवर्धकात चालू करतेवेळी निर्गमावर धक्का येतो. म्हणून हेडफोन काढून ठेवून विवर्धक सुरू करावा, एक-दोन मिनिटे तापू द्यावा, आवाज शून्यावर आणावा आणि मग हेडफोन जोडावा. यासाठी निर्गम धारित्राला भूमीकडे नेणारा रोधक मंडलात असणे आवश्यक असते. तो नसल्यास धारित्र हेडफोनमधूनच भारित होतो आणि धक्का टळत नाही.

जुन्या रेडिओला हेडफोन जोडणे

घरातील व्हॉल्व्ह-रेडिओला हेडफोनची खोबण बसवावी, अशी इच्छा अनेकांना होते. त्याआधी संचात मुख्य रोहित्र आहे की नाही, हे पाहणे अत्यावश्यक आहे. एसी-डीसी या दोन्हींवर चालणाऱ्या संचांत 'यू' श्रेणीच्या नलिका (उदाहरणार्थ यूसीएच८१, यूएल८४) वापरलेल्या असतात आणि मुख्य रोहित्र नसते. अशा संचाची धातूची बैठक थेट वीजवाहिनीला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की, सारी बैठक २३० व्होल्टवर येते. लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकच्या कळा या तेथे शोभेसाठी नसून संरक्षणासाठी असतात. अशा रेडिओला हेडफोन कदापि जोडू नये. 'ई' श्रेणीच्या नलिका आणि मुख्य रोहित्र असलेल्या संचातही हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

हवामान आणि देखभाल

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. नलिकांना या उष्णतेचे फारसे काही वाटत नाही, परंतु विद्युत-अपघटनी धारित्रांना वाटते. तापमान दहा अंशांनी वाढले की, त्यांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. एका ६०८० नलिकेचा केवळ तंतूच सुमारे १६ वॉट वीज घेतो. त्यामुळे विवर्धक बंद कपाटात ठेवू नये. भोवती व वर मोकळी हवा असावी. वापरात नसताना सुती कापडाने झाकावा, मात्र तो पूर्ण थंड झाल्यावरच. ऊब शोधत मुंग्या व पाली आत शिरतात, म्हणून खालच्या फटींना बारीक जाळी लावणे उपयुक्त ठरते.

भारनियमनाच्या काळात वीज गेल्यास कळ लगेच बंद करावी; वीज परतताना दाब अस्थिर असतो. दाब नेहमीच चढउतार करीत असेल, तर स्थिरकारी, म्हणजे स्टॅबिलायझर, वापरावा. लहान नलिकेचे आयुष्य ५,००० तास धरले, तर रोज तीन तास ऐकल्यास ती सुमारे साडेचार वर्षे पुरते.

नव्या नलिकांचे उत्पादन आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे होते. महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची परिचित ठिकाणे आहेत. जुन्या नलिका घेताना त्या मोजून दाखविणाऱ्याकडूनच घ्याव्यात. छाप आणि खोके यांवर विसंबू नये.

श्रवणानुभव

नलिकेचा आवाज 'उबदार' असतो, असे रसिक म्हणतात. याचे एक कारण मोजता येते. साध्या त्रिप्रस्थ मंडलातील विकृतीत दुसऱ्या संवादी कंपनाचा वाटा मोठा असतो. षड्ज गायला असता त्यात दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे तार षड्जाचा, सूक्ष्म अंश मिसळतो. तिसरे कंपन तार सप्तकातील पंचमाचे असते. हे स्वर मुळाशी सुसंवादी असल्याने कानाला खटकत नाहीत. तथापि ही मूळ ध्वनिमुद्रणात नसलेली भर आहे, हेही तितकेच खरे. उत्तम ट्रान्झिस्टर विवर्धक मोजमापात अधिक अचूक असतो. नलिकेची निवड ही अभिरुचीची बाब आहे.

विवर्धकाची कसोटी घेण्यास तंबोऱ्यासारखे दुसरे साधन नाही. त्याची जवारी उपस्वरांनी भरलेली असते आणि दोन छेडण्यांमधील विरामात यंत्राची शांतता ऐकू येते. काळी एक या पट्टीत तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर येतो. विवर्धकात १०० हर्ट्झची गुणगुण असेल, तर ती त्याच्याशी झगडते आणि सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येतात. ज्या दोषासाठी एरवी मीटर लागले असते, तो सुरेल कानाला असा आपोआप सापडतो.

जुन्या तबकड्यांवरील नाट्यसंगीत ऐकताना ध्वनिमुद्रणाचा काळही लक्षात घ्यावा. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ होऊ लागले. त्याआधीच्या तबकड्या कर्ण्यातून, कोणत्याही विवर्धनाविना मुद्रित झाल्या आहेत. त्यांतील खरखर नलिका बदलून जात नाही.

श्रवणाला काळाचीही मर्यादा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित श्रवणाची सीमा आहे. दर ३ डेसिबलच्या वाढीला हा अवधी निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तासच उरतात. नलिकेची विकृती कानाला बोचत नसल्याने आवाज नकळत वाढवला जातो, ही या उपकरणाची विशेष जोखीम आहे. नलिका जळाली तर दुसरी मिळते; अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.